प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला एक सेकंद

प्राध्यापक प्रश्न विचारतात. साठ जणांचा वर्ग. नजरा झटकन वह्यांकडे वळतात. कुणी पेनाचं टोपण काढतं आणि लावतं, कुणी आधी लिहिलेलीच ओळ पुन्हा गिरवतं. मग नेहमीच्या दोघांपैकी एक जण बोलतो आणि तास पुढे सरकतो. बाहेर पडताना मागच्या बाकावरून हमखास ऐकू येतं, 'अरे, मला येत होतं.' बहुतेक वेळा ते खरंही असतं.

विद्यापीठाच्या वर्गात कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, याचं उत्तर आपण 'हुशार' आणि 'लाजाळू' असे दोन कप्पे करून देऊन टाकतो. पण तास संपल्यावर याच विषयावर मित्रांशी अर्धा तास हुज्जत घालणारी मुलगी वर्गात चकार शब्द काढत नसेल, तर तिला लाजाळू म्हणून काय कळणार? हात वर करण्याआधी प्रत्येक विद्यार्थी मनात एक हिशेब मांडतो. चुकलं तर काय होईल, बरोबर आलं तर काय मिळेल, न बोलून काय बिघडेल. अडचण अशी की या हिशेबातले निम्मे आकडे मुळात चुकीचे असतात.

ठरलेले चार-पाच जण

डेव्हिड कार्प आणि विल्यम योल्स या समाजशास्त्रज्ञांनी वर्गांत बसून कोण किती वेळा बोलतं याची मोजणी केली आणि १९७६ साली ती प्रसिद्ध केली. चाळीसपेक्षा लहान वर्गातसुद्धा जवळजवळ तीन चतुर्थांश देवाणघेवाण चार-पाच विद्यार्थ्यांच्या नावावर जमा होती. मोठ्या वर्गात तर दोन-तीन जणच निम्म्याहून अधिक बोलत होते. उरलेले जे करत होते त्याला त्यांनी 'सभ्य लक्ष' म्हटलं. म्हणजे मान योग्य जागी हलवायची, लिहीत राहायचं, हसू आलं की हसायचं, पण चर्चेत पडायचं नाही. हे ढोंगच असतं असं नाही. 'मी इथे आहे, तुमचा अवमान करत नाही, पण मला बोलवू नका' एवढाच तो निरोप असतो.

ही व्यवस्था टिकते, कारण ती सगळ्यांच्या सोयीची असते. प्राध्यापकांना उत्तर मिळतं, बोलणाऱ्यांना लक्ष मिळतं आणि गप्प बसणाऱ्यांना अभय. ती बसते मात्र फार लवकर. पहिल्या दोन-तीन तासांत कोण 'बोलणारा' हे ठरून जातं. एकदा ते ठरलं की आठव्या आठवड्यात पहिल्यांदा हात वर करणं जड जातं, कारण आता उत्तराबरोबर आपली भूमिकाही बदलावी लागते. म्हणून ज्याला या सत्रात बोलायचं आहे त्याने पहिल्या आठवड्यातच एखादं साधं वाक्य बोलून ठेवावं. पुस्तकाच्या कुठल्या आवृत्तीतलं प्रकरण वाचायचं, एवढं विचारलं तरी पुरे. आपला आवाज त्या खोलीत एकदा उमटलेला असला की पुढचं सोपं होतं.

हिशेबातले चुकलेले आकडे

पहिला चुकलेला आकडा: 'बाकी सगळ्यांना कळलंय.' डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना मुद्दाम अगम्य लिहिलेला उतारा वाचायला दिला आणि समजलं नाही तर येऊन विचारा असं सांगितलं. कुणीही विचारायला गेलं नाही. आपण का गेलो नाही, तर संकोच वाटला म्हणून. दुसरे का गेले नसतील, तर त्यांना उतारा समजला असेल म्हणून. वागणं सगळ्यांचं सारखंच, पण स्वतःसाठी एक कारण आणि इतरांसाठी दुसरं. वर्गातल्या 'काही शंका?' या प्रश्नानंतर पसरणारी शांतता नेमकी अशीच तयार होते. शंका नसल्याचा तो पुरावा नव्हे. प्रत्येक जण दुसऱ्याचं गप्प बसणं पाहून गप्प बसलेला असतो.

दुसरा आकडा: 'सगळे माझ्याकडे बघतील आणि लक्षात ठेवतील.' थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओशाळवाणं वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्याचा अंदाज असा की साधारण निम्म्या लोकांच्या लक्षात येईल. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं. चुकलेल्या उत्तराचंही तसंच. तुमचं चुकलेलं उत्तर तुम्ही रात्री अंथरुणात पुन्हा ऐकता, शेजारचा मात्र तेव्हा स्वतःचीच पुढची ओळ जुळवत होता.

एक आकडा मात्र खरा असतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. प्राध्यापक चुकलेल्या उत्तराला काय प्रतिसाद देतात, हा. 'हे तर शाळेतच शिकला असाल' असं एकदा जरी कुणाला ऐकावं लागलं, तरी अख्ख्या वर्गाचा हिशेब बदलतो. उरलेल्या पन्नास-साठ जणांनीही ते ऐकलेलं असतं. अशा वर्गात गप्प बसणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. तिथे मग तास संपल्यावर भेटून विचारणं बरं.

ते सेकंद जवळून

आता प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या वेळेकडे पाहू, कारण बहुतेक सगळं तिथेच घडतं. रोजच्या गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात सरासरी एक पंचमांश सेकंदाचं अंतर असतं. वेगवेगळ्या खंडांतल्या १० भाषांवर २००९ साली झालेल्या अभ्यासात हे अंतर भाषेगणिक फार बदललं नाही. इतक्या वेगाची सवय असलेल्या कानाला वर्गातला पूर्ण एक सेकंदसुद्धा अवघडलेला वाटतो.

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळेतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते असं दिसलं. त्यानंतर ते प्रश्न बदलत, दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देत. तोच अवधी तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं आपणहून बोलू लागली. वर्ग शाळेतले होते, पण विद्यापीठातही ही घाई चांगलीच ओळखीची आहे.

त्या एका सेकंदात विद्यार्थ्याला काय काय करायचं असतं ते बघा. प्रश्नाचा अर्थ लावायचा. संबंधित गोष्ट आठवायची. तिचं वाक्य करायचं. शिकवण्याची भाषा घरची नसेल तर ते मनातल्या मनात भाषांतरित करायचं. बोलण्यासारखं आहे का हे पारखायचं. मग हात वर करायचा. पाचवी पायरी येईपर्यंत प्राध्यापकांनी उत्तर सांगायला सुरुवात केलेली असते. म्हणजे एका सेकंदात हात वर करणारा विद्यार्थी बहुधा फार वेगाने विचार करणारा नसतोच. त्याच्याकडे माल आधीपासून तयार असतो. 'मला येत होतं' म्हणणाऱ्यालाही खरंच येत होतं, फक्त चौथ्या सेकंदाला.

यातून दोन गोष्टी निघतात. शिकवणाऱ्याने प्रश्न विचारून मनात तीनपर्यंत अंक मोजावेत, आणि विद्यार्थ्याचं उत्तर संपल्यावरही 'बरोबर' किंवा 'नाही' म्हणण्याआधी तेवढंच थांबावं. या दुसऱ्या थांबण्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण विद्यार्थी आपल्या उत्तरात भर घालतो ती तिथेच. आणि विद्यार्थ्याने यावं ते माल बरोबर घेऊनच.

वहीच्या समासातली तयारी

तासाआधी वीस मिनिटं पुरतात. नेमून दिलेला मजकूर वाचताना समासात तीनच खुणा करायच्या: जिथे अडलं ती जागा, जिथे लेखकाशी पटलं नाही ती जागा आणि मागच्या तासाशी जोडता येईल अशी एक जागा. मग त्यातल्या एकीचं पूर्ण वाक्य लिहून ठेवायचं. ते मनात ठेवून भागत नाही, कागदावरच हवं. ऐन वेळी छाती धडधडायला लागली की मनातलं वाक्य विस्कटतं, कागदावरचं जागेवर राहतं.

समजा, मजकुरात लिहिलंय की एका गटाचं सरासरी उत्पन्न वाढलं, म्हणून गटाची स्थिती सुधारली. विद्यार्थ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. 'मला हे समजलं नाही' असं म्हटलं तर प्राध्यापक तोच परिच्छेद पुन्हा वाचून दाखवतील. त्याऐवजी समासात पाच आकडे मांडून बघा: १०, १०, १०, १०, ६०. सरासरी २०. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा, १०. चौघांचं काहीही न बदलता एकट्या पाचव्यामुळे सरासरी दुप्पट दिसते. आता वाक्य आपोआप होतं: 'इथे सरासरीऐवजी मध्यक घेतला असता तर हाच निष्कर्ष निघाला असता का?' हा प्रश्न अकरा शब्दांचा आहे, त्याला ठिकाण आहे आणि उत्तर 'हो' आलं काय नि 'नाही' आलं काय, विचारणारा उघडा पडत नाही.

'समजलं नाही' या वाक्याला नेहमी शेपूट जोडावं: 'दुसऱ्या ओळीपर्यंत समजलं, तिसऱ्या ओळीत चिन्ह का बदललं ते कळलं नाही.' कुठपर्यंत कळलं हे सांगितलं की प्राध्यापकांना नेमकं सुटलेलं टोक सापडतं आणि प्रश्नाला वजन येतं. याउलट 'माझा प्रश्न मूर्खपणाचा असेल कदाचित' अशी प्रस्तावना टाळावी. तिने धोका कमी होत नाही, फक्त ऐकणाऱ्यांना कुठे बघायचं ते कळतं.

कधी बोलायचं, कुठे बसायचं

लवकर. तासाच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. 'थोडं ऐकून घेतो, मग बोलतो' हे वरकरणी समंजस वाटतं, पण थांबण्याची किंमत वाढत जाते. चर्चा पुढे सरकते, तयार केलेला मुद्दा शिळा होतो, शेवटी तो दुसराच कुणीतरी मांडतो. शिवाय आपली पाळी डोक्यात घोळत असताना ऐकणंही बंद पडतं. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ साली दाखवलं की ओळीने बोलायचं असताना माणसाला आपल्या आधीच्या माणसाचं बोलणंच सर्वांत कमी आठवतं. 'एकेकाने मत सांगा' अशा फेरीत सलग तीन जण तेच बोलतात त्याचं कारण इथे आहे. त्यावर इलाज साधा: मुद्दा लिहून ठेवायचा आणि कान मोकळे करायचे.

बसण्याच्या जागेचाही परिणाम होतो. रेमंड अ‍ॅडम्स आणि ब्रूस बिडल यांनी १९७० साली वर्गांतल्या चित्रफितींवरून दाखवलं की बहुतेक संवाद पुढची रांग आणि मधली उभी पट्टी एवढ्या भागातच होतो. बोलणारेच तिथे जाऊन बसतात हेही खरं, त्यामुळे नुसती जागा बदलून वाचा फुटणार नाही. पण पुढे बसल्यावर चाळीस चेहरे पाठीमागे जातात आणि समोर एकच माणूस उरतो. प्रश्न त्या एकाच माणसाला विचारायचा असतो.

धडधड मात्र थांबत नाही. ती थांबेल मग बोलू, असं ठरवणारे सत्रभर थांबलेले दिसतात. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत, बोलण्याआधी 'शांत हो' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' असं म्हणणाऱ्यांचं भाषण सरस ठरलं. भीती आणि उत्साह या दोन्ही अवस्था शरीराला सारख्याच जाणवतात, नाव बदलणं सोपं पडतं. भीती याहून मोठी असेल, म्हणजे तास बुडवावेसे वाटत असतील किंवा नाव पुकारताच श्वास अडकत असेल, तर ते समुपदेशकाशी बोलायचं काम आहे. प्राध्यापकांनाही आधीच सांगून ठेवावं. लेखी प्रश्न देण्याची मुभा बहुतेक जण देतात.

उत्तर चुकलंच तर? गप्प होऊन खाली बघणं हा सर्वांत महाग पर्याय, कारण तुमच्या डोक्यात त्या प्रसंगाचा शेवट तिथेच गोठतो. एक वाक्य तयार ठेवा: 'मग कुठल्या पायरीवर चुकलं?' चर्चा लगेच तुमच्याकडून पायरीकडे वळते, आणि तीच चूक केलेले इतर दहा जण मनातल्या मनात आभार मानतात.

गप्प आहे म्हणजे विचार करत नाही?

बोलण्याला विचाराची खूण मानणं ही एक सवय आहे, निसर्गनियम नाही. हीजंग किम यांनी २००२ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना कोडी सोडवताना मोठ्याने विचार करायला लावलं. युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांना त्याने काही फरक पडला नाही, पूर्व आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांची कामगिरी मात्र घसरली. ज्या घरात 'आधी विचार कर, मग बोल' असं शिकवलं जातं तिथून आलेल्याला बोलता बोलता विचार करणं हे जास्तीचं ओझं असतं.

पहिला हात कुणाचा यालाही महत्त्व आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, १० देशांतल्या विद्यापीठीय परिसंवादांच्या निरीक्षणात असं दिसलं की पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की नंतर स्त्रियांचे प्रश्न प्रमाणाने कमी येतात. ते श्रोते मुख्यतः संशोधक होते, तरी वर्ग चालवणाऱ्याने यातून घेण्यासारखं आहे: सर्वांत आधी वर गेलेला हात निवडायचाच, असं बंधन नाही.

गुण लावले की काय होतं

काही ठिकाणी सहभागाला मोठं वजन असतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या केस पद्धतीत, म्हणजे एखाद्या उद्योगातला प्रसंग चर्चेला घेऊन शिकवण्यात, बऱ्याच विषयांचे सुमारे निम्मे गुण वर्गातल्या बोलण्यावर असतात. तिथे तयारी न करता बसणं परवडतच नाही. पण पाच-दहा टक्के गुण लावून 'किती वेळा बोलला' एवढंच मोजलं, तर मिळतात ती 'मी यांच्याशी सहमत आहे' छापाची वाक्यं. मोजायचंच असेल तर बोलण्यामुळे चर्चा पुढे गेली का ते मोजावं, आणि लेखी प्रश्न, गटातलं काम यांनाही त्यात जागा द्यावी.

नाव घेऊन विचारण्याचा विद्यार्थ्यांना धसका असतो. तरी एलिस डॅलिमोर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात, जिथे नाव घेऊन जास्त विचारलं जात होतं त्या वर्गांत आपणहून बोलणारेही काळाबरोबर वाढले आणि त्यांचा अवघडलेपणाही कमी झाला. सगळी कळ क्रमात आहे. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की उरलेले सगळे विचार करणं सोडून देतात.

त्याहून सौम्य मार्ग फ्रँक लायमन यांनी १९८१ साली सुचवला: आधी एकट्याने विचार, नंतर शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गासमोर. मधली पायरीच खरं काम करते, कारण वाक्याची पहिली, अडखळती आवृत्ती शेजाऱ्यासमोर होऊन जाते. शिवाय 'आम्हा दोघांना वाटलं' असं म्हणता आलं की धोकाही दोघांत विभागला जातो. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझुर यांनी १९९१ पासून हेच मतदानाला जोडलं. पर्यायी उत्तरांचा प्रश्न, प्रत्येकाचं गुपचूप मत, आणि बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आली तरच शेजाऱ्याशी चर्चा. त्याहून कमी असतील तर चर्चेला आधारच नसतो, संकल्पना पुन्हा शिकवावी लागते. जास्त असतील तर वेळ न दवडता पुढे जायचं.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग होतो का? विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण २०१४ साली झालं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. गंमत अशी की २०१९ सालच्या हार्वर्डमधल्या एका प्रयोगात, अशा वर्गात विद्यार्थी जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. छान व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, स्वतः धडपडताना आपलं अज्ञान दिसतं. सहभाग आवडत नाही म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचं बोलणं या अंगानेही ऐकायला हवं.

राहता राहिले ते नेहमीचे दोघं. ते बोलतात कारण शांतता त्यांना सहन होत नाही, आणि पुष्कळदा वर्गाची अब्रू आपणच राखतोय असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असतं. त्यांच्यासाठी एकच नियम पुरतो: दोनदा बोलून झालं की तिघं बोलेपर्यंत थांबायचं. किंवा तिसऱ्या वेळी उत्तराऐवजी दुसऱ्या कुणाच्या मुद्द्यावर प्रश्न विचारायचा.

आणि ज्याला चौथ्या सेकंदाला उत्तर सुचलं, त्याच्यासाठी चर्चा पुढे गेलेली असते, संपलेली नसते. विषय मागे पडला म्हणून मुद्दा गिळून टाकायला कुणी सांगितलेलं नाही. पुढचा श्वासभर विराम आला की हात वर करून एवढंच म्हणायचं: 'मघाच्या मुद्द्यावर क्षणभर परत येऊ का?'